पाय मोडणाऱ्या बटणाचाच पाय मोडला

‘धाकटया अपपांना नमसकार सांग. चिककोडीचया लगनाला येणयाचे जमत नाही. पतता मात्र पाठव. तुझी आकका.’

चलथाणहून असा निरोप व्हॉट्सॲपवर आला आणि मी जरा घाबरलोच. आमची आक्का म्हणजे शुद्धलेखनाची पोलीस चौकी. लहानपणी माझ्या वहीतली प्रत्येक वेलांटी तिने तपासली आहे. ती ‘नमसकार’ लिहील? फोन केला तर म्हणाली, “अरे, मला काय झालं नाही. कॉम्प्युटरवर जोडाक्षरच होईना बघ. कधी पाय मोडतच नाही, आणि मोडला तर अक्षराशेजारी टिंबांचं वर्तुळ येऊन बसतंय.”

चलथाण सुरत जिल्ह्यात, पलसाणा तालुक्यात. सुरतहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे स्टेशन. आपल्याला ते लांबचे वाटते, पण निपाणी, संकेश्वर, बेळगाववरून जो ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो तोच पुणे-मुंबई करत पुढे चलथाणच्या बाजूने दिल्लीकडे जातो. पूर्वी इकडच्या तुकड्याला चार नंबर म्हणत, तिकडच्याला आठ नंबर. म्हणून एकच रस्ता आहे हे लक्षात येत नसे. गावात सहकारी साखर कारखाना आहे आणि सगळा भाग उसाचा, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला तिथे फार परके वाटत नाही. आमचे दाजी साखरेतले केमिस्ट. संकेश्वरकडचे; २००४ साली नोकरीसाठी त्या बाजूला गेले ते तिकडचेच झाले. घरात आक्का आणि दाजी आपापसात कधी मराठी, कधी कन्नड बोलतात, भाच्याचे शिक्षण गुजरातीत झाले, आणि बँकेचे कागद इंग्रजीत. एका कॉम्प्युटरवर चार भाषा नांदतात.

आता यात एवढे काय, बटण बिघडले तर बिघडले, असे कोणी म्हणेल. पण आक्काचे एक काम आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की धुळे, नंदुरबार, नाशिककडची आणि डांगातली कुटुंबे दक्षिण गुजरातेत येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, असा तिथला हिशेब. पोरे बरोबर असतात. त्यांच्या गावाकडच्या शाळेला पत्र लिहायचे, दाखला मागायचा, ग्रामपंचायतीला अर्ज करायचा, बँकेला नावातली चूक कळवायची, हे सगळे मराठीत हवे आणि तिथे मराठी टाइप करणारे माणूस सहज मिळत नाही. आक्का हे लिहून देते. पैसे घेत नाही; कोणी उसाची मोळी आणून टाकली तर तेवढी ठेवून घेते. अशा कागदात नावाला फार किंमत असते. आधार कार्डावर ‘लक्ष्मी’ आणि अर्जात ‘लक्षमी’ झाली की खिडकीपलीकडचा माणूस कागद परत करतो, आणि पडावावरून पुन्हा येण्यात त्या बाईची एक दिवसाची मजुरी जाते. आक्काने त्या आठवड्यात टायपिंग बंदच केले होते. हाताने लिहीत होती, आणि तिच्या अंगठ्याचे दुखणे जुने आहे.

घरात तीन निकाल लागले होते. भाचा म्हणत होता की दोष लिनक्सचा. विंडोज दहाला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, यांच्या जुन्या मशीनवर अकरा चढेना, म्हणून त्यानेच लिनक्स मिंट घालून दिले होते. आता तोच म्हणत होता की यात मराठी नीट नाही, सगळे पुसून पहिल्यासारखे करतो. दाजींचे मत, कीबोर्ड फेका आणि नवा आणा. आक्काला दोन्ही नको होते. कीबोर्ड भाच्यानेच गेम खेळायला हौसेने घेतलेला, चांगला महागाचा, बटणांखाली दिवे लागणारा. मशीन पुसायचे तर तिची सगळी पत्रे त्यात. मार्गशीर्षात मला सुरतला काम निघाले, तेव्हा दोन दिवस चलथाणला राहिलो.

भाच्याचा मुद्दा ऐकण्यासारखा होता. “मामा, बटण खराब असतं तर सगळीच जोडाक्षरं बिघडली असती. ‘मात्र’ बरोबर येतं, ‘ज्ञान’ बरोबर येतं, ‘श्री’ बरोबर येतं. ‘पत्ता’ येत नाही. म्हणजे प्रोग्रॅममध्येच घोळ आहे.”

पोरगा हुशार आहे. पण यातच उत्तर होते.

आक्का टाइप करते ती इनस्क्रिप्ट पद्धतीने. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी तयार करवली, १९८८ मध्ये ती सुधारली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मानकात घेतले. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. डाव्या मधल्या बोटाखाली इंग्रजी डीचे बटण येते, आणि त्यावर आहे हलन्त, म्हणजे आपला पाय मोडण्याचा तो तिरका फराटा. ‘पत्ता’ लिहायचा तर प, त, मग डी, मग पुन्हा त आणि काना. मात्र ज्ञ, त्र, क्ष, श्र या चौघांना वरच्या आकड्यांच्या ओळीत स्वतःची जागा आहे. शिफ्ट धरून पाच, सहा, सात, आठ दाबले की ती अक्षरे तयार येतात, तिथे डीची गरज लागत नाही. म्हणून ‘मात्र’ शाबूत आणि ‘पत्ता’ लंगडा. ‘लक्ष्मी’त तर दोन्ही गोष्टी दिसतात: क्ष नीट येतो, पण पुढचा म चिकटत नाही. सगळ्या बिघडलेल्या अक्षरांत एकच बटण समान होते. गमतीने म्हटले तर पाय मोडणाऱ्या बटणाचाच पाय मोडला होता. गावांच्या नावांना तसा धोका नव्हता. चलथाण, निपाणी, बेळगाव, कागल यांना जोडाक्षर नाही. चिक्कोडी, हुक्केरी, गडहिंग्लज मात्र मेली.

पण एवढ्याने बटण दोषी ठरत नाही. डीचे बटण ठीक असेल आणि त्याला हलन्त समजणारा वरचा प्रोग्रॅम बिघडला असेल, तरी असेच दिसेल. इथे मला आपल्या सीमाभागातल्या घरांचा एक फायदा सांगायचा आहे, जो पुण्यामुंबईच्या एकभाषी घराला नाही. इनस्क्रिप्टमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांची मांडणी जवळजवळ एकच आहे. मराठीचा क ज्या बटणावर, त्याच बटणावर कन्नडचा क आणि गुजरातीचाही क. ळ तिन्हीकडे शिफ्ट आणि एन. हलन्त तिन्हीकडे डी. तेव्हा मराठीत बटण रुसले की तेच बटण कन्नडमध्ये दाबून बघायचे, आणि मग इंग्रजीत. फक्त मराठीतच बिघाड असेल तर मराठीची मांडणी तपासा. मराठी, कन्नड दोन्हीत असेल आणि इंग्रजी ठणठणीत असेल, तर भारतीय भाषा सांभाळणारा प्रोग्रॅम बघा. लिनक्सवर बहुधा तो आयबस नावाचा असतो. इंग्रजीतही तोच त्रास असेल तर भाषेला सोडून द्या आणि खाली उतरा.

आक्काला म्हटले, कन्नडमध्ये नातेवाईक लिही. कन्नडमधली घरची माणसे सगळी द्वित्वाची: अम्म, अप्प, अक्क, अण्ण, तम्म, अज्ज, अव्व. ओत्तु गेला की अख्खे घर लंगडते. तसेच झाले. सातांतले चार जण मोडले, आणि एकात टिंबांचे वर्तुळ आले. गुजरातीत ‘रस्तो’ आणि ‘नमस्ते’चीही तीच दशा. मग इंग्रजीत डी, ए, डी असे वीस वेळा लिहायला लावले. काही ठिकाणी दोन डी लागोपाठ, काही ठिकाणी एकही नाही. इंग्रजीतला जादा डी आपण टायपिंगची चूक म्हणून पुसतो आणि पुढे जातो, म्हणून दाजींच्या इमेलांत हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. मराठीत मात्र लागोपाठ दोन हलन्त आले की दुसऱ्याला धरायला अक्षरच उरत नाही आणि कॉम्प्युटर तिथे टिंबांचे रिकामे वर्तुळ काढून दाखवतो. आक्काची रांगोळी ती हीच.

भाचा अजून मानायला तयार नव्हता. “मामा, मी याच बटणावर रोज गेम खेळतो. डी म्हणजे उजवीकडे चाल. एकदाही अडकलं नाही.” बरोबर आहे. गेममध्ये डी दाबून धरायचे असते. दाबल्यावर पहिल्या क्षणी आतला संपर्क तुटून पुन्हा जुळला तरी गडी उजवीकडे चालतच राहतो, कोणाला कळणार? टायपिंगमध्ये प्रत्येक स्पर्श वेगळा मोजला जातो.

तरीही डेस्कटॉपवरच्या एखाद्या सोयीने गोंधळ घातला नसेल ना, हे बघायला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन एकत्र दाबले. पडदा काळा झाला, आक्का “अय्यो देवा” म्हणाली. घाबरायचे कारण नाही. लिनक्समध्ये चित्रांचा डेस्कटॉप बाजूला ठेवून नुसत्या अक्षरांच्या खोलीत जाण्याची ही वाट आहे. परत यायला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-सात, काही ठिकाणी एफ-एक किंवा एफ-दोन. तिथेही दोन-दोन डी उमटले. डेस्कटॉप निर्दोष सुटला, आयबसही सुटला.

या टप्प्यावर दाजी खुर्ची ओढून जवळ बसले. साखरेचा रंग बिघडला तर ते गोदामात उभे राहून भांडत नाहीत. कच्चा रस, निवळलेला रस, पाक, प्रत्येक टप्प्याचा नमुना घेतात आणि कुठल्या टप्प्यानंतर बिघडले ते शोधतात. कीबोर्डचेही तसेच आहे हे त्यांना लगेच पटले. बटण दाबले की कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, नुसता नंबर पाठवतो. डीचा यूएसबी कीबोर्डवरचा नंबर ७०००७. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याला आपल्या यादीतला ३२ नंबर देतो. वरची पडद्याची व्यवस्था त्यात आठ मिळवून ४० करते. मग मांडणी बघते की ४० म्हणजे आत्ता काय: इंग्रजी असेल तर डी, मराठी असेल तर हलन्त, कन्नड असेल तर कन्नडचा हलन्त. बटणाला भाषा नसते. भाषा शेवटच्या टप्प्यावर लागते, पाकाला दाणा धरावा तशी.

कर्नलच्या टप्प्यावर नमुना घ्यायचे साधन म्हणजे इव्हटेस्ट (स्पेलिंग ई-व्ही-टी-ई-एस-टी). नसेल तर सॉफ्टवेअरच्या यादीतून घालता येते. टर्मिनलमध्ये सुडो लावून चालवायचे, ते कीबोर्ड, माउस यांची यादी दाखवते, त्यातला आपला कीबोर्ड निवडायचा. मग प्रत्येक स्पर्शाची ओळ वेळेसकट पडद्यावर येते. दाबले की १, सोडले की ०, धरून ठेवले की २. हे चालू असताना पासवर्ड टाइप करू नका, तोही तसाच बटण-बटण उघड दिसतो. थांबवायला कंट्रोल आणि सी.

आक्काने डी एकदा दाबले. पडद्यावर १, ०, १, ० अशा चार घटना. पहिले सुटणे आणि दुसरे दाबणे यांत अकरा मिलीसेकंद. म्हणजे सेकंदाचा जवळजवळ नव्वदावा भाग. एका बोटाने एकच बटण सेकंदाला सहा-सात वेळा दाबणे हीच साधारण माणसाची कमाल. अकरा मिलीसेकंदांत बोट उचलून पुन्हा टेकवणे आक्काला काय, कोणालाच शक्य नाही. पुढच्या वेळी तिने दाबले आणि काहीच आले नाही, ओळच नाही. शेजारच्या एस आणि एफवर एका दाबाला एकच जोडी, शिस्तीत. दाजी म्हणाले, “कच्च्या रसातच घाण आहे.”

अशा कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो आणि त्यात धातूची पातळ पट्टी असते. पट्टी टेकताना चेंडूसारखी किंचित उसळतेच, नव्या स्विचमध्येही. ती उसळी काही मिलीसेकंदांची असते आणि कीबोर्डातली चिप तेवढा वेळ दुर्लक्ष करते. धूळ, ओल, गंज यांनी संपर्क खराब झाला की उसळी लांबते, चिपला वाटते माणसाने दोनदा दाबले. कधी पट्टी टेकूनही वीज पुढे जात नाही, तेव्हा काहीच उमटत नाही. एकाच बिघाडाची ही दोन तोंडे. आपल्याकडच्या साध्या, स्वस्त कीबोर्डात असे स्विच नसतात, रबराचा पडदा असतो. त्यात चहा सांडला तर बटण चिकटते आणि एकच अक्षर गाडीसारखे धावत सुटते. इव्हटेस्टमध्ये तिथे २ ची रांग दिसेल.

त्या संध्याकाळी दुकाने शोधण्यात अर्थ नव्हता, आणि आक्काला एका मुलीच्या दाखल्याचे पत्र सकाळी द्यायचे होते. मुलीच्या नावात नेमकी ‘ष्णा’. इथे पुन्हा कन्नड उपयोगी पडली. बेळगावात असताना आक्काने नुडीवर कन्नड टायपिंग केले होते. नुडीची ती मांडणी के. पी. राव यांच्या आराखड्यावरची. कन्नड गणक परिषदेच्या नावावरून तिला कगप म्हणतात. तिच्यात उच्चाराप्रमाणे अक्षरे असतात आणि पाय मोडायला डी नसून एफ असते. लिनक्समध्ये हीच कगप पद्धत मराठीलाही दिलेली आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीखाली कगप, फोनेटिक असे लिहिलेले सापडते. कन्नड टायपिंगच्या सवयीने मराठी लिहिण्याची सोय तिथे कोणी ठेवली असेल असे आक्काला स्वप्नातही वाटले नव्हते. मांडणी जोडली, तिने दोन ओळी चाचपडत लिहिल्या आणि मग बोटांना वीस वर्षांपूर्वीचे आठवले. ‘ष्णा’ पहिल्या फटक्यात आली. “छलो आत नोड,” असे स्वतःशीच म्हणाली. डीवर आता द आला होता आणि ‘दाखला’चा द अधूनमधून दोनदा पडत होता, पण जादा द डोळ्याला दिसतो आणि पुसता येतो. पत्र रात्री साडेनऊला छापून झाले.

दुसरा तात्पुरता उपायही करून पाहिला. लिनक्सच्या सेटिंगमध्ये ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी सोयी असतात, त्यात ‘बाउन्स कीज’ नावाची एक आहे. एकच बटण फार झटपट दोनदा आले तर दुसरे मानायचे नाही, एवढेच ती करते. किती झटपट, हे आपण ठरवायचे. आकडा मोठा ठेवला तर इंग्रजी ‘लेटर’मधला दुसरा टी आणि मराठीत ‘ममता’, ‘बबन’, ‘ससा’ यांचे दुसरे अक्षर गिळले जाण्याची भीती. थोडक्यात ठेवला तर जादा हलन्त थांबतो आणि ससाही वाचतो. मी साठ मिलीसेकंद ठेवले, जादा हलन्त गेले. मात्र जे बटण मुळात उमटलेच नाही ते ही सोय कुठून आणणार? त्याला दुसरे औषध नाही.

सकाळी भाच्यालाच कामाला लावले. त्याच्या कीबोर्डाचे स्विच झाळलेले नव्हते, खोबणीत बसवलेले होते, आणि ते उपटायचा छोटा चिमटा डब्यात तसाच पडून होता. असे स्विच असतील तरच हे करा. झाळलेले असतील तर ओढू नका, तारा तुटतील. कीबोर्डची वायर आधी काढून ठेवायची. त्याने डीचा स्विच काढला आणि वर उजव्या कोपऱ्यातल्या स्क्रोल लॉकचा स्विच काढून डीच्या जागी बसवला. स्क्रोल लॉक हे बटण आपण शेवटचे कधी दाबले ते आठवून बघा. डीचा आजारी स्विच त्याच्या खोबणीत गेला. बल्ब गेला की होल्डर, हे ठरवायला आपण बल्ब दुसऱ्या खोलीत लावून बघतो, तसे हे. इव्हटेस्ट पुन्हा चालवले. डीला एका दाबाला एक जोडी, तीसच्या तीस वेळा. स्क्रोल लॉक दाबल्यावर १, ०, १, ०. बिघाड स्विचबरोबर चालत गेला होता. भाचा दहा मिनिटे काही बोलला नाही, मग आक्काची इनस्क्रिप्ट परत लावून देतो म्हणाला. आक्का म्हणाली, दोन्ही राहू देत.

स्विच बदलता येत नसेल तर आणखी एक वाट लिनक्समध्ये आहे: कर्नलच्या टप्प्यावरच सांगून टाकायचे की कॅप्स लॉकचा नंबर आला तर त्याला डी समज. ते एका छोट्या फाइलचे काम आहे, जाणकाराकडून करून घ्यावे. वरच्या मांडणीत बदल केला तर तो त्या एका मांडणीपुरता राहतो. खाली केलेला बदल मराठी, कन्नड, गुजराती, इंग्रजी सगळ्यांना एकदम लागू होतो, म्हणून आपल्यासारख्या घरात तोच बरा.

बटण बिघडल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यांत निम्म्या ठिकाणी बटण बिघडलेलेच नसते. कीबोर्डवरून सोयी चालू करण्याची मुभा दिलेली असली की शिफ्ट बराच वेळ, साधारण आठ सेकंद, दाबून राहिल्यावर ‘स्लो कीज’ सुरू होते, आणि मग प्रत्येक बटण धरून ठेवल्याशिवाय उमटत नाही. फोनवर बोलताना कोपर शिफ्टवर टेकले की झाले. शिफ्ट पाच वेळा दाबले तर ‘स्टिकी कीज’. काही लहान लॅपटॉपवर नम लॉक लागले की जे, के, एल दाबल्यावर आकडे येतात. ही तिन्ही बंद करून बघितल्याशिवाय कीबोर्ड खोलू नये.

या महिन्यात चिक्कोडीच्या एका वाचकांनी विचारले आहे की लिनक्सच्या देवनागरी मांडणीत झेड दाबले की एकाराची एक विचित्र, उलट वळलेली मात्रा येते, मराठीत अशी मात्रा नाही, तर बटण खराब आहे का. खराब नाही. ती ऱ्हस्व एकाराची जागा आहे. कन्नडमध्ये दोन ए आहेत, ‘एरडु’मधला आखूड आणि ‘एळु’मधला लांब, मराठीला एकच पुरतो. दक्षिणेकडच्या भाषा देवनागरीत नेमक्या लिहिता याव्यात म्हणून युनिकोडमध्ये आखूड ए ठेवला आहे आणि मांडणीत तो झेडवर आला आहे. मराठी लिहिताना झेडला हात लावू नका. कन्नडची मांडणी लावलीत की त्याच बटणावर ‘एरडु’ची मात्रा मिळेल, आणि शिफ्ट धरलेत तर आखूड ए.